जगातल्या गुन्हेगारीचे आकडे बघायच्या दोन फुकट साईट्स : दोन आठवडे वापरून लिहितेय

भाचीला स्वीडनमधल्या लुंड युनिव्हर्सिटीत मास्टर्सला ॲडमिशन मिळाली आणि घरातला आनंद दोनच दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी दाजींच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला की स्वीडन म्हणजे जगात सगळ्यात जास्त बलात्कार होणारा देश, आणि लुंडपासून ट्रेनने पंधरा मिनिटांवर जे माल्मो शहर आहे तिथे सारखा गोळीबार चालू असतो. मग दाजींनी स्वतः सर्च केलं तर शहरांची सुरक्षिततेप्रमाणे क्रमवारी लावणारी एक वेबसाईट सापडली, तिथे माल्मो आपल्या कितीतरी शहरांपेक्षा धोकादायक दाखवलेलं. झालं. दाजी म्हणाले पोरीला पाठवणार नाही. ताई रडवेली, भाची मला फोन करून म्हणते मावशी तूच काहीतरी कर, तुझं ते ऐकतात.

मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, आकडा दिसला की तो कुठून आला हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून दोन आठवडे रोज रात्री जेवणं झाली की लॅपटॉप घेऊन बसले. ज्यांची मुलं बाहेर शिकायला किंवा नोकरीला चाललीयेत त्यांना उपयोग होईल म्हणून हे सगळं लिहितेय, जरा लांब झालंय पण पूर्ण वाचा.

आधी त्या क्रमवारीवाल्या साईटबद्दल, नाव घेत नाही. तिथे आकडा पोलिसांकडून येत नाही. साईटवर येणारा कुणीही फॉर्म भरतो, रात्री एकटं चालायला भीती वाटते का, घरफोडीची काळजी वाटते का, आणि त्या उत्तरांवरून शहराला मार्क मिळतात. म्हणजे भीती मोजलीय, गुन्हे नाही मोजले. भीतीसुद्धा खरीच असते, मी नाही म्हणत नाही, पण ज्या शहराच्या बातम्या जास्त तिथली माणसं जास्त घाबरलेली असणार. पोरीचं ॲडमिशन रद्द करायला हा आधार पुरेसा नाही, एवढं मला पहिल्याच रात्री कळलं.

मग मी संयुक्त राष्ट्रांच्या यूएनओडीसी या, ड्रग्ज आणि गुन्हेगारीचं काम बघणाऱ्या ऑफिसच्या डेटा पोर्टलवर गेले. हे ऑफिस दरवर्षी सगळ्या देशांच्या सरकारांना एक ठरलेली प्रश्नावली पाठवतं आणि आलेली माहिती फुकट ठेवतं, लॉगिन नाही, काही नाही. खून, मारहाण, चोरी, लैंगिक गुन्हे, तुरुंगातले कैदी, सगळ्याच्या वेगवेगळ्या एक्सेल फाईली. खुनाची फाईल उघडली की देश, वर्ष, स्त्री की पुरुष, वय, आणि शेवटी हा आकडा कुठून आला तेही लिहिलेलं असतं. हा शेवटचा कॉलम मला सगळ्यात आवडला. भारताचे आकडे दिल्लीच्या एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांच्या नोंदी जमवणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचे, तेच जे दरवर्षी क्राईम इन इंडिया म्हणून छापतात. त्रास एवढाच की फाईल अवाढव्य आहे, मोबाईलवर उघडायच्या भानगडीत पडू नका, आणि फिल्टर लावता येत नसेल तर डोकं चक्रावेल. एकाच देशाच्या शेकडो ओळी असतात, त्यात काही ओळी आकड्यांच्या आणि काही दर लाख लोकसंख्येमागच्या दराच्या, ते न बघता बेरीज केलीत तर काहीही उत्तर येईल (मी पहिल्या रात्री तेच केलं आणि तासभर वाया गेला).

ज्यांना एक्सेल नको त्यांनी सरळ आवर वर्ल्ड इन डेटा उघडा. ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी चालवलेली साईट आहे. तिथे हेच आकडे आलेखात मिळतात, खाली एक पट्टी असते ती बोटाने सरकवली की वर्षं मागेपुढे जातात, हवे ते देश निवडता येतात, आलेख फोटो म्हणून डाऊनलोड होतो म्हणजे थेट फॅमिली ग्रुपवर टाकता येतो. मोबाईलवर छान चालते. मराठी नाही, इंग्रजीच आहे, ही मोठी उणीव, कारण ज्यांना फॉरवर्ड येतात त्यांच्यापर्यंत ही साईट पोचत नाही.

आता मी जे शिकले ते सांगते, कारण साईट कितीही चांगली असली तरी काय बघायचं हे माहीत नसेल तर उपयोग नाही.

देशादेशांची तुलना करायचीच असेल तर खुनाचा दर बघा. मेलेला माणूस सहसा लपत नाही, त्याची कुठेतरी नोंद होते, आणि खुनाचा अर्थ जगभर जवळजवळ सारखाच आहे. २०२१ साली जगात साधारण ४ लाख ५८ हजार खून झाले, म्हणजे तासाला ५२. दर लाख लोकांमागे ५.८. पण हे सरासरीचं गाठोडं सोडून बघितलं की अमेरिका खंडात, म्हणजे उत्तर दक्षिण दोन्ही धरून, दर १५ आहे आणि युरोपात २.२, आशियात २.३. मेलेल्यांत शंभरातले ८१ पुरुष. आपल्याकडे २०२२ मध्ये २८,५२२ खून झाले, दर २.१. स्वीडनमध्ये त्याच वर्षी ११६, लोकसंख्या एक कोटीच्या जरा वर, म्हणजे दर १.१ च्या आसपास. मी हा एक आकडा दाजींना दाखवला तेव्हा ते गप्प बसले, पण लगेच म्हणाले मग गोळीबाराचं काय. ते पण खरं आहे, लपवायचं कशाला. २०२२ मध्ये तिथे ६२ माणसं गोळीने मेली, बरीचशी टोळ्यांच्या भांडणात, युरोपात हे फार जास्त समजलं जातं आणि स्वीडनची माणसं स्वतः त्यावरून हैराण आहेत. नंतर २०२३ ला ५३ झाले आणि २०२४ ला आणखी उतरले.

बलात्काराच्या आकड्यावर मात्र मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि इथेच ती फॉरवर्ड करणारी माणसं आपल्याला फसवतात, काही जण नकळत. स्वीडनमध्ये तक्रार आली की त्याच क्षणी मोजतात, पुढे तपासात काही निघो न निघो. एखादी बाई म्हणाली की नवऱ्याने वर्षभरात इतक्या वेळा जबरदस्ती केली, तर तितके गुन्हे धरतात. २०१८ पासून तर कायदाच असा आहे की संमती नसेल तर तो बलात्कार, धमकी मारहाण दाखवायची गरज नाही. नवऱ्याने केलेली जबरदस्ती तिथे १९६५ पासून गुन्हा आहे. आपल्याकडे ती आजसुद्धा कायद्याने बलात्कारात मोडत नाही. आणि एनसीआरबीची मोजायची पद्धत अशी की एका एफआयआरमध्ये चार कलमं असतील तर सगळ्यात मोठ्या शिक्षेचं कलम तेवढं मोजायचं. आता सांगा, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून कोण चांगलं कोण वाईट ठरवायचं? ज्या देशात बायका जाऊन सांगतात आणि पोलीस लिहून घेतात त्याचाच आकडा फुगलेला दिसतो. आपल्यातच बघा ना, केरळचा गुन्ह्यांचा दर दरवर्षी वरच्या रांगेत असतो. ते राज्य सगळ्यात गुन्हेगार आहे का? तिथे गुन्हा नोंदवून घेतात, हे त्यामागचं मोठं कारण आहे.

आणि नोंदवून घेणं म्हणजे काय हे मला आमच्या ताईमुळे नीट माहितीये. मागच्या मार्चमध्ये बाजारात भाजी घेताना तिच्या पर्समधून फोन गेला. चेन उघडी, पाकीट तसंच, फोन गायब. आम्ही चौकीत गेलो तर तिथल्या माणसाने सरळ गहाळचा दाखला टाईप करायला घेतला. मी म्हटलं साहेब हरवला नाहीये, चोरीला गेलाय. तर म्हणाले ताई, गहाळ केलं की लगेच काम होतं, सिमकार्ड पण मिळतं, चोरी लिहिली की तुम्हालाच हेलपाटे. दमलो होतो, सही केली. म्हणजे सरकारी कागदावर त्या दिवशी त्या बाजारात काहीच घडलं नाही. अशी किती माणसं असतील? हे आठवलं आणि मग मला त्या एक्सेलमधला चोरीचा कॉलम वाचवेना.

म्हणून काही देश दुसरा मार्ग पण ठेवतात. स्वीडनचं ब्रो नावाचं सरकारी खातं दरवर्षी २ लाख लोकांना निवडून थेट विचारतं की गेल्या वर्षी तुमच्या बाबतीत काय घडलं, पोलिसांकडे गेलात की नाही हे बाजूला ठेवून. इंग्लंड आणि वेल्समध्ये असा सर्व्हे १९८० च्या दशकापासून चाललाय, आणि त्यातूनच कळतं की तिथल्या दर दहा गुन्ह्यांतले चारच्या आसपास आता फसवणुकीचे असतात, म्हणजे फोन, कार्ड, ऑनलाईन. खुनाच्या आलेखात हे कुठेच दिसत नाही, तिथे वाटतं सगळं शांत आहे. आपलं बघा, २०२३ मध्ये एनसीआरबीकडे सायबर गुन्हे ८६,४२०, आणि त्याच वर्षी सरकारच्या सायबर तक्रार पोर्टलवर आलेल्या तक्रारी १५ लाख ९० हजारांच्या वर! दोन्ही सरकारी आकडे, देश एकच, वर्ष एकच. मधली एवढी माणसं कुठे गेली याचं उत्तर कुठल्याच आलेखात मिळत नाही.

ती वर्षांची पट्टी सरकवून बघाच एकदा, दोन देश सांगते. मध्य अमेरिकेतला एल साल्वाडोर, २०१५ ला खुनाचा दर लाखामागे शंभरच्या वर, जगात सगळ्यात भयानक देशांपैकी एक, आणि २०२४ ला २ च्या आसपास. रेघ अशी खाली येते की विश्वास बसत नाही. पण २०२२ च्या मार्चपासून तिथे आणीबाणी आहे, टोळीवाले म्हणून ८० हजारांवर लोक उचलून आत टाकलेत, त्यात कितीतरी निरपराध आहेत असं त्यांचे घरचे सांगतात, आणि पोलिसांशी झटापटीत मेलेले सरकार खुनांत मोजत नाही. तिथल्या आईला आज पोरगा संध्याकाळी घरी येईल याची खात्री वाटते, आणि दुसऱ्या एका आईचा पोरगा खटल्याशिवाय तुरुंगात आहे. आलेखात पहिलीच दिसते. दुसरा देश इक्वेडोर, याच्या बरोबर उलटा. २०२० ला दर ८ च्या आत, २०२३ ला ४५ च्या वर. तीन वर्षांत! कोलंबिया आणि पेरूच्या मधोमध आहे, ग्वायाकिल बंदरातून युरोपला जाणाऱ्या केळ्यांच्या कंटेनरमध्ये कोकेन भरतात, त्या बंदरासाठी टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारालाच सभेतून निघताना मारलं. शांत देश शांत राहील याची हमी नसते, हे बघून मला खरंच भीती वाटली. न्यूयॉर्कचं मात्र ऐकून बरं वाटतं, १९९० ला एका शहरात २,२०० च्या वर खून, २०१७ ला ३०० च्या आत.

मार्क द्यायचे तर आवर वर्ल्ड इन डेटाला पाचपैकी साडेचार, अर्धा मराठी-हिंदी नसल्याचा कापला. यूएनओडीसीच्या पोर्टलला चार. माहिती सोन्यासारखी आहे पण घरच्या माणसाला वापरायला अवघड, आणि आकडे एक-दोन वर्षं मागे असतात, कारण देशच उशिरा देतात (आपलंच बघा, २०२३ चा अहवाल २०२५ मध्ये आला). दोन्हीकडे शहराच्या आतलं, म्हणजे कुठली पेठ, कुठला एरिया, ते मिळत नाही. त्यासाठी त्या त्या देशाच्या पोलिसांची साईट किंवा तिथे राहणारं आपलं मराठी मंडळ गाठा. आम्ही लुंडमध्ये शिकणाऱ्या दोन मुलींशी बोललो. त्या म्हणाल्या रात्री लायब्ररीतून एकट्या येतो, सायकल मात्र चांगल्या कुलपाशिवाय ठेवायची नाही.

भाची चाललीये. दाजींनी स्वतः तिकीट काढलं, आणि आता ते त्यांच्या ग्रुपवर आलेख टाकतात.

आणि मी काल ताईला घेऊन परत त्या चौकीत गेले. गहाळचा दाखला दाखवला आणि म्हटलं चोरीची फिर्याद घ्या. आधी नाही म्हणाले, मग साहेबांना भेटा म्हणाले, साहेब बंदोबस्तात होते, दोन तास बाकावर बसलो, ताई सारखी म्हणत होती जाऊ दे गं, फोन काही परत यायचा नाही. शेवटी साहेब आले, त्यांनी ऐकून घेतलं, फिर्याद घेतली, भारतीय न्याय संहिता कलम ३०३, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते ती हातात घेऊनच आम्ही बाहेर पडलो. या वर्षीचा अहवाल जेव्हा केव्हा येईल तेव्हा भारताच्या चोऱ्यांमध्ये ताईची एक धरलेली असेल.