नार्निया कुणाला दाखवावा, कुणाला नको

निकाल आधी सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. 'द क्रॉनिकल्स ऑफ नार्निया: द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' हा २००५ चा सिनेमा सात ते अकरा वर्षांच्या मुलांना झकास आहे, फक्त शेजारी मोठं माणूस हवं. पाचाच्या आतल्यांना अजिबात दाखवू नका. तेराच्या पुढच्यांना दाखवा, पण पहिला तासभर ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली तर चिडू नका.

मी साताऱ्यात बालवाडीत शिकवते. मे महिन्यात भावाबहिणींची मुलं आईकडे शाहूपुरीत जमतात. चार, सात, अकरा आणि तेरा अशी वयं. दुपारच्या उन्हात बाहेर सोडायची सोय नसते आणि चौघांना मिळून एक सिनेमा शोधायचा म्हणजे डोकं पिकतं. नार्नियातली भावंडंही चारच, पीटर, सुझन, एडमंड आणि ल्यूसी. त्यामुळे सिनेमा सुरू व्हायच्या आधीच कोण कोण होणार यावरून भांडण झालं. फितूर होणारा एडमंड व्हायला अर्थातच कुणी तयार नव्हतं.

धाकटीचा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांतच निकालात निघाला. चेटकीण अजून पडद्यावर आलेलीही नव्हती. सिनेमा सुरू होतो तो दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनवरच्या बाँबहल्ल्याने. मग आई आपल्या चार मुलांच्या कोटांना नावाच्या चिठ्ठ्या लावून त्यांना आगगाडीत बसवते आणि स्वतः फलाटावरच थांबते. मोठ्यांना ही प्रस्तावना वाटते. आमच्या चार वर्षांच्या भाचीची आई आदल्याच दिवशी तिला आजीकडे सोडून स्वारगेटच्या एसटीत बसली होती. "ती आई का नाही जात त्यांच्यासंगं?" एवढं एकदा विचारलं आणि ओठ काढले. मी तिला उचलून स्वयंपाकघरात आईजवळ नेलं, पापड लाटायला बसवलं. पुढे लांडगे आले, सैतानासारखे प्राणी आले, ते तिने पाहिलेच नाहीत. पण पाहिले असते तरी त्या फलाटाएवढं काही तिला लागलं नसतं, असं माझं बालवाडीतलं मत आहे. जूनमध्ये वर्गात रोज हाच फलाट असतो.

म्हणून सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर फार भिस्त ठेवू नये. अमेरिकेत या सिनेमाला 'पीजी' मिळालं, म्हणजे पालकांनी लक्ष ठेवावं, आणि कारण दिलं लढाई आणि भीतीदायक प्रसंग. आपल्याकडेही २०२४ पासून 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग झाले, ते चांगलंच झालं. पण आई फलाटावर राहते, याला कुठलंच मंडळ आकडा लावत नाही. तो आपणच लावायचा, आपलं पोर ओळखून.

सात वर्षांचा मात्र पूर्ण बसला. लपंडाव खेळताना ल्यूसी कपाटात शिरते, कोटांमधून आत आत जाते आणि बोटांना झाडाच्या फांद्या लागतात, म्हणजे ती नार्निया या जादूच्या देशात पोहोचते, तिथे त्याने माझा दंड जो धरला तो सोडलाच नाही. बर्फात एकटा दिव्याचा खांब, छत्री घेतलेला अर्धा माणूस अर्धा बोकड असा टुमनस. हा भाग इतका सुंदर आहे की पन्नाशीची मीसुद्धा पापड विसरले. मग एडमंडला पांढरी चेटकीण भेटते आणि टर्किश डिलाइट खायला देते. साखर, स्टार्च आणि गुलाबपाण्याच्या मऊ वड्या त्या, वर पिठीसाखर. त्यासाठी तो भावंडांना तिच्या ताब्यात द्यायला निघतो. पोरांना हे पटेना. तेवढ्यात सातवाल्याने फडताळावरच्या कंदी पेढ्याच्या पुड्याकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आख्खा पुडा दिला तर?" ताईने उशी फेकून मारली. टिल्डा स्विंटनची चेटकीण फारशी ओरडत नाही, गोड बोलते आणि डोळे थंड ठेवते. कांगावखोर राक्षसिणींची सवय असलेल्या मुलांना ही जास्त घाबरवते, हे ध्यानात ठेवा.

खरा प्रश्न आहे तो दगडी चौथऱ्याच्या प्रसंगाचा. एडमंडचा जीव वाचवण्यासाठी अस्लान हा सिंह स्वतः चेटकिणीच्या हवाली होतो. रात्र, मशाली, किंचाळणारी गर्दी. त्याला बांधतात, आयाळ कापतात, टिंगल करतात आणि मग चेटकीण सुरा उगारते. रक्त जवळजवळ दिसत नाही, दिग्दर्शक अँड्र्यू अॅडमसनने तेवढं सांभाळलंय. पण दोघी बहिणी झुडपाआडून सगळं पाहतात आणि त्यांच्या तोंडावरून आपली पोरं ते पाहतात. सातवाल्याने सुऱ्याचं काही विचारलं नाही. "त्याचे केस का कापले, सगळ्यांसमोर?" हे विचारलं. मरण कळो न कळो, चारचौघांत केलेला अपमान या वयाच्या मुलाला लगेच कळतो.

मी तिथे पॉज केलं आणि सांगून टाकलं की सकाळी तो परत येतो. अकरावाली खवळली, "आत्या, सगळं फोडलंस!" फोडलं तर फोडलं. लहान मुलाला शेवट आधी सांगितला की धसका जातो, ओढ जात नाही. तीच गोष्ट शंभरदा ऐकणारी जात आहे ती.

आई आतून म्हणाली, "पूतनेची गोष्ट सांगतो की आपण, नृसिंह मांडीवर घेऊन पोट फाडतो ते सांगतो. तेव्हा कुठं घाबरतात?" म्हणणं बिनतोड वाटतं, पण गोष्ट सांगताना मूल आपल्या मनात सोसेल तेवढाच नृसिंह उभा करतं. आणि आजीचा आवाज त्याच्या तोंडाकडे बघून खालीवर होतो. पडद्यावरचा सिंह दुसऱ्याने काढलेला आणि स्पीकरचा आवाज दुसऱ्याने ठरवलेला. म्हणूनच त्या रात्रीच्या प्रसंगात आवाज निम्मा करा. करून पाहा, भीती किती उतरते ते. लांडगे नदीवर पाठलाग करतात तिथेही हाच उपाय.

अकरावालीला सिनेमा सगळ्यांत जास्त लागला. एडमंडवर ती इतकी चिडली होती की तो सुटून आल्यावर मोठा भाऊ त्याला फार बोलत नाही, हे तिला मान्यच नव्हतं. दुसरी तक्रार माझ्या मते रास्त आहे. नाताळबाबा भेटी देतो तेव्हा पीटरला ढाल-तलवार, सुझनला धनुष्य आणि शिंग, ल्यूसीला औषधाची कुपी आणि छोटा खंजीर. लढाईत पुढे मुलगेच. मूळ पुस्तक सी. एस. लुइस यांचं, १९५० चं, त्याची ही छाया. शेवटी सुझनचा बाण चेटकिणीच्या बुटक्या नोकराला लागतो तेव्हा आमच्याकडे शिट्टी वाजली.

तेरावाल्याला बोलणारे बीव्हर हे प्राणी "कार्टून" वाटले. लढाईला मात्र मोबाइल खाली गेला. नंतर त्याने विचारलं ते बाँबहल्ला खरा होता का. खरा होता, १९४० च्या सप्टेंबरपासून लंडनवर महिनोन्‌महिने बाँब पडले, आणि त्याच्या आदल्या वर्षापासूनच शहरातली लाखो मुलं अशी खेड्यांत अनोळखी घरी पाठवली होती. जेवताना तो यावरच बोलत होता. त्या वयाला नार्नियापेक्षा हे लंडन जवळचं.

लांबी दोन तास वीस मिनिटांच्या आसपास. एका बैठकीचा हट्ट नको. चौघं नार्नियात पोहोचतात तिथे मध्यंतर घ्या. आम्ही इंग्रजीतच पाहिला, मी मधूनमधून मराठीत सांगत गेले. त्याचा फायदा असा की काय सांगायचं आणि काय गिळायचं ते आपल्या हातात राहतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच प्रमाणपत्रात नसते. कपाटात शिरल्यावर दार लावून घेऊ नये, हे लुइस यांनी पुस्तकात वाचणाऱ्याला पुन्हा पुन्हा बजावलं आहे. सिनेमा पाहणाऱ्या पोरांना ते आपणच सांगायचं. त्यांचं कपाट लाकडी, आपली लोखंडी, आणि हँडल फक्त बाहेरून. आईच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली मी सिनेमा लावायच्या आधीच कनवटीला लावली होती, तरी संध्याकाळी सातवाला हँडलला लोंबकळत होताच. घरात गाद्या ठेवायचा पेटीचा दिवाण असेल तर त्यावरही लक्ष ठेवा.