दॉर्दोन्यच्या गावातलं छोटं रेस्तराँ: वसंतापासून हिवाळ्यापर्यंतचा अनुभव

फ्रान्सच्या नैऋत्येला दॉर्दोन्य जिल्ह्यात, सार्ला शहरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत असलेल्या एका गावातलं हे रेस्तराँ. आत पंचवीस-तीस खुर्च्या, उन्हाळ्यात बाहेर झाडाखाली आणखी काही टेबलं. नवरा स्वयंपाकघरात, बायको वाढपाला, मोसमात एखादं पोरगं मदतीला. इथे जेवून गेलेल्यांची मतं दोन टोकांची आहेत. कुणी म्हणतं पेरिगॉर भागातलं (हे दॉर्दोन्यचंच जुनं नाव) सर्वांत चांगलं बदक इथे मिळतं, कुणी म्हणतं तासभर ताटकळून कोमट ताट पुढ्यात आलं. वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वेळी जेवल्यावर दोन्ही मतं खरी वाटतात. एकटा स्वयंपाकी काय आदल्या दिवशी करून ठेवू शकतो आणि काय ऐन वेळी करावं लागतं, यावर इथलं सगळं अवलंबून आहे.

सर्वांत उत्तम म्हणजे आठवड्यातल्या दिवशी दुपारचं ठरलेलं जेवण, म्हणजे ‘फॉर्म्युल’. पहिला पदार्थ आणि मुख्य पदार्थ, किंवा मुख्य पदार्थ आणि गोड. या भागात साधारण पंधरा ते वीस युरोंत बसतं. निवड जवळजवळ नसतेच, फळ्यावर दिवसाचा एकच पदार्थ. पण तो सकाळपासून मंद आचेवर असतो आणि सगळी टेबलं तेच खातात, त्यामुळे गरम येतो आणि लवकर येतो. गावात काम करणारे सुतार, गवंडी, टपालवाले बारा वाजता येऊन बसतात आणि एकच्या सुमारास उठतात. तुम्ही सव्वाबाराला पोचलात तर त्यांच्याबरोबर जेवण होतं. दीडनंतर गेलात तर टेबलं रिकामी दिसतील, तरीही ‘स्वयंपाकघर बंद’ असं ऐकावं लागेल. यावर रागावलेले पाहुणे बरेच आहेत. मात्र हाच माणूस संध्याकाळी सहाला परत चुलीपुढे उभा राहणार असतो, मधले तीन तास त्याचे असतात. रविवारची रात्र आणि सोमवार बंद, हेही त्याच कारणाने.

आता बदक. मुख्य दोन पदार्थ, आणि त्यांतली निवड चुकली की अनुभव बिघडतो.

कॉन्फी म्हणजे बदकाची तंगडी जाड मिठात रात्रभर ठेवून, धुऊन, पुसून, बदकाच्याच चरबीत बुडवून दोन-तीन तास अगदी मंद शिजवलेली. चरबी उकळता कामा नये, ८५ ते ९० अंशांच्या आसपास राहिली पाहिजे. मग ती त्याच चरबीत झाकून थंड जागी आठवडेच्या आठवडे टिकते. म्हणजे एकट्या स्वयंपाक्यासाठी हा आदर्श पदार्थ. वाढण्यापूर्वी कातडीची बाजू खाली करून तव्यावर किंवा कडक भट्टीत पंधरा-वीस मिनिटं खरपूस करायची, एवढंच काम उरतं. दुपारी इथली कातडी सुरीखाली कुरकुरते आणि मांस काट्याने हाडावरून सुटतं. ऑगस्टमधल्या गर्दीच्या रात्री मात्र तंगडी थंडगार काढून घाईने गरम केली जाते, कातडी रबरासारखी राहते आणि हाडालगत गारवा जाणवतो. असं ताट आलं तर तिथल्या तिथे परत पाठवा. नीट सांगितलं तर ते पुन्हा भट्टीत जातं, कुणी तोंड वाकडं करत नाही. खारटपणा जास्त लागला तर मात्र इलाज नाही. मीठ धुण्यात कसर राहिलेली असते.

माग्रे म्हणजे चरबी चढवलेल्या बदकाचा छातीचा तुकडा. हा ऐन वेळचा पदार्थ. चरबीवर चिरे पाडून, कातडी खाली ठेवून कोरड्या तव्यावर आठ-दहा मिनिटं, उलटून तीन-चार, मग पाच मिनिटं विश्रांती. ही शेवटची पाच मिनिटं गर्दीत पहिल्यांदा गळतात, आणि मग काप करताच लाल रस ताटभर पसरतो. शिवाय माग्रे आतून गुलाबीच वाढतात. आपल्याकडच्या अनेकांना गुलाबी मांस चालत नाही, म्हणून ते ‘बिएं क्वी’, म्हणजे पूर्ण शिजवून मागवतात, आणि ‘चिवट होतं’ असं लिहितात. चिवट होणारच. पूर्ण शिजलेलं मांस हवं असेल तर कॉन्फी घ्या, माग्रेच्या वाटेला जाऊ नका.

सोबतचे सार्लादेझ बटाटे ताजे असतील तर नुसत्या त्यांच्यासाठी यावं. कच्च्या बटाट्याच्या चकत्या बदकाच्या चरबीत परतलेल्या, शेवटी लसूण आणि पार्सली. लसूण आधी पडला की करपून कडवट होतो. इथे तसं कधी दिसलं नाही. रात्री मात्र दुपारचेच बटाटे गरम करून येतात, कडा मऊ पडलेल्या.

इथेच शाकाहाऱ्यांची फसगत होते. बटाटे दिसायला निर्धोक, पण चरबीतले. लसणाचं सूप ‘तुरँ’, तेही बहुतेकदा बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीतलं. ‘सालाद पेरिगुर्दीन’मध्ये बदकाचा पोटा, म्हणजे गिझार्ड असतो. गरम बकरी-चीजच्या सॅलडवर विचारल्याशिवाय डुकराच्या मांसाचे तुकडे, ‘लार्दों’, पडू शकतात. नुसतं ‘व्हेजितारियँ’ म्हणून भागत नाही, मासे चालतील असं गृहीत धरलं जातं. मांस नको, मासे नकोत, बदकाची चरबी नको, हे तिन्ही वेगवेगळं सांगा, शक्यतो आदल्या दिवशी फोनवर. तसं केल्यावर सेप मशरूमचं ऑम्लेट, तेलात परतलेले बटाटे आणि हिरवं सॅलड असं मनापासून केलेलं ताट मिळतं. अंडंही चालत नसेल तर सॅलड, फळं आणि सॉर्बे (फळांच्या रसाचा, दुधाविना गोठवलेला गोड पदार्थ) यांपलीकडे फार काही नाही. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, असतं, हेही ज्यांना पाळायचं त्यांनी लक्षात ठेवावं.

ऋतूचा फरक मोठा आहे. अक्रोडाचं सॅलड जुलैत खाल्लं तर किंचित खवट लागतं, कारण नवा अक्रोड सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात उतरतो आणि उन्हाळ्यात साठ्यातला जुना माल वापरला जातो. अक्रोडाचं तेलही बाटली उघडल्यावर पटकन बिघडतं. तेच सॅलड नोव्हेंबरात मागवा, वेगळाच पदार्थ वाटेल. एप्रिल-मेमध्ये शतावरी आणि पेरिगॉरच्या स्ट्रॉबेरी, शरद ऋतूत सेप. जुलै-ऑगस्टचं लांबलचक मेनूकार्ड हा या जागेचा खरा दोष, कारण दोन माणसांना एवढे पदार्थ पेलत नाहीत. त्या दिवसांत काही गोड पदार्थ बाहेरून आणलेले वाटतात. कार्डावर ‘फे मेझों’चं चिन्ह, म्हणजे पातेल्यावर घराचं छप्पर, कोणत्या पदार्थांपुढे आहे ते बघा. २०१४ पासूनच्या नियमानुसार हे चिन्ह कच्च्या मालापासून तिथेच शिजवलेल्या पदार्थालाच लावता येतं. कच्चा माल गोठवलेला असला तरी चालतो, एवढं ध्यानात असू द्या. चिन्ह नसलेलं गोड सोडून अक्रोडाचा केक घ्या, तो इथलाच.

दुसरी रास्त तक्रार किमतीची. रात्री खास पदार्थ तोंडी सांगतात, किंमत सांगत नाहीत. संकोच न करता विचारा. बाकी बिलाबद्दलचे बरेच गैरसमज आहेत. छापील किमतीत कर आणि सेवा दोन्ही धरलेलं असतं, बक्षिशी ऐच्छिक; दोन-तीन युरो ठेवले तरी पुरे. ब्रेड आणि नळाचं पाणी जेवणाबरोबर फुकट, पण पाणी ‘काराफ दो’ म्हणून मागावं लागतं; नुसतं पाणी मागितलं तर विकतची बाटली येऊ शकते. कॉफी गोडाच्या नंतरच येते. आणि बिल मागितल्याशिवाय येत नाही. ‘आमच्याकडे कुणी लक्षच दिलं नाही’ असं लिहिणाऱ्यांपैकी कित्येक जण बहुधा बिलाची वाट बघत बसलेले असतात. ग्राहकाला उठवायचं नाही ही इथली रीत.

वाढपाबद्दल ‘तुसडेपणा’ हा शब्द वारंवार वाचायला मिळतो. दारात शिरताना ‘बोंजूर’ न म्हणता सरळ टेबलावर जाऊन बसलं तर थंड वागणूक मिळते, हे खरं. अभिवादन करून, टेबल दाखवेपर्यंत थांबलं की त्याच बाई पदार्थ समजावून सांगतात. एका ताटात दोघांनी वाटून खाणं त्यांना आवडत नाही. मुलांसाठी अर्धं ताट मात्र विचारल्यावर देतात.

टेबल राखताना सकाळी दहा-अकराच्या सुमारास फोन करा, जेवणाच्या वेळी तो कुणी उचलत नाही. रविवारच्या दुपारी गावातली कुटुंबं दोन-तीन तास बसतात, तेव्हा आठवडाभर आधी सांगावं लागतं. ऑगस्टमध्ये रात्रीच जायचं असेल तर साडेसातचं पहिलं टेबल घ्या आणि कॉन्फी मागवा. साडेआठला आलेल्या सगळ्यांच्या ऑर्डरी एकदम आत जातात. हिवाळ्यात काही आठवडे दार बंद असतं आणि इंटरनेटवरच्या वेळा जुन्याच राहतात, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत ट्रफलच्या (जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या बुरशीच्या) ऑम्लेटसाठी निघण्यापूर्वी फोन लागतोय का ते पाहा, आणि ट्रफल किती ग्रॅम घालणार हेही त्याच फोनवर विचारून घ्या.