शिक्षा झालेल्यांच्या तोंडून: डायना स्कली यांच्या संशोधनग्रंथाचे परीक्षण

लैंगिक हिंसेच्या कारणांवरचे पुस्तक वाचायला घेतले, की त्यातले प्रश्न कोणाला विचारले आहेत हे आधी पाहावे. फार मोठा काळ हे प्रश्न जिच्यावर अत्याचार झाला तिलाच विचारले गेले: ती तिथे का गेली, तिने प्रतिकार किती केला, त्याची तिच्याशी आधीची ओळख होती का. अभ्यासकही या सवयीतून सुटलेले नव्हते. मेनाकेम अमीर यांनी फिलाडेल्फिया शहरातील १९५८ आणि १९६० या दोन वर्षांच्या पोलीस नोंदींमधून ६४६ प्रकरणे तपासली आणि १९७१ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आकडेवारीची शिस्त त्यात होती; मात्र त्यांपैकी १९ टक्के प्रकरणे पीडितेच्या वागण्यातून ओढवली, असे वर्गीकरणही त्यात होते. तिचा विरोध पुरेसा जोरदार नव्हता किंवा तिचे बोलणे-वागणे असभ्य वाटण्यासारखे होते, एवढे कारण एखादे प्रकरण या वर्गात घालायला पुरत असे. तिचे वागणे कोणाला तसे वाटले, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. गुन्हेगाराची नजर अशा रीतीने संशोधकाच्या तक्त्यात जाऊन बसली आणि तिथून न्यायालयांच्या युक्तिवादांना शास्त्राचा आधार मिळत गेला.

डायना स्कली यांचे ‘अंडरस्टँडिंग सेक्शुअल व्हायोलन्स: अ स्टडी ऑफ कन्व्हिक्टेड रेपिस्ट्स’ हे १९९० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या पार्श्वभूमीवर वाचले, तर त्याचे मोल नीट ध्यानात येते. सुझन ब्राउनमिलर यांच्या १९७५ च्या गाजलेल्या ग्रंथाने बलात्काराला वासनेच्या कप्प्यातून बाहेर काढून सत्तेच्या आणि दहशतीच्या इतिहासात आणून ठेवले होते. परंतु तो ग्रंथ युद्धे, दंगली, गुलामगिरी आणि कायद्याचा इतिहास यांतून आपले म्हणणे उभे करतो. ज्यांनी हे कृत्य केले ते स्वतः काय म्हणतात, हे त्यातून कळत नाही. ती उणीव स्कली यांनी भरून काढायची ठरवली. त्या समाजशास्त्रज्ञ आहेत, आणि म्हणूनच त्यांनी गुन्हेगाराच्या मनाचा विकार शोधण्याऐवजी त्याच्या तोंडची भाषा तपासायला घेतली.

पद्धतीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण पुस्तकाची विश्वासार्हता तिच्यावरच उभी आहे. स्कली आणि त्यांचे सहसंशोधक जोसेफ मरोला यांनी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या तुरुंगांमध्ये, बलात्कारासाठी शिक्षा भोगत असलेल्या ११४ पुरुषांच्या मुलाखती घेतल्या आणि तुलनेसाठी इतर गुन्ह्यांतील ७५ कैद्यांशीही ते बोलले. प्रश्नावली ८९ पानांची होती. कोणतीही मुलाखत तीन तासांहून कमी नव्हती आणि काही मुलाखती सात तासांपर्यंत चालल्या. महत्त्वाचे म्हणजे कैद्याने सांगितलेले जसेच्या तसे स्वीकारलेले नाही. शिक्षेपूर्वी तयार होणाऱ्या अहवालात पोलिसांची आणि पीडितेची बाजू नोंदलेली असते. त्या नोंदींशी प्रत्येक कथन ताडून पाहिले गेले. कैदी खोटे बोलतील, हा या प्रकारच्या संशोधनावरचा नेहमीचा आक्षेप असतो. स्कली यांनी त्या खोटेपणालाच अभ्यासाचा विषय केले. माणूस स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी जी सबब पुढे करतो, ती ऐकणाऱ्याला पटेल असे त्याला वाटत असते, आणि तसे वाटण्याइतपत ती त्याच्या भोवतालच्या समाजात चलनात असते, हा या पुस्तकाचा गाभा आहे.

या ११४ जणांत ४७ जण असे होते, की ज्यांनी आपण बलात्कार केल्याचे मान्य केले. ३२ जणांनी लैंगिक संबंध मान्य केला, मात्र तो बलात्कार होता हे नाकारले. उरलेल्यांनी असा काही संबंध आलाच नसल्याचे सांगितले. पहिल्या दोन गटांची तुलना हा पुस्तकातील सर्वांत भरीव भाग आहे. गुन्हा कबूल करणारे सबबी सांगतात: कृत्य वाईट होते, पण तेव्हा मी माझ्यात नव्हतो. नाकारणारे समर्थन करतात: घडले ते खरे, पण त्यात वाईट काही नव्हते, तिनेच भुरळ घातली, तिचा नकार हा नकार नव्हताच, शेवटी तिलाही ते आवडले, आणि तशीही ती काही सरळ वळणाची नव्हती. ज्या प्रकरणांत शस्त्र वापरल्याची नोंद आहे, त्यांतही ही विधाने कमी-अधिक फरकाने येतात.

दारूविषयीचे निरीक्षण तर प्रत्येक वकिलाने आणि न्यायाधीशाने वाचावे असे आहे. गुन्हा कबूल करणारा स्वतःच्या पिण्याबद्दल बोलतो, कारण नशेवर खापर फोडले की त्याची जबाबदारी हलकी होते. गुन्हा नाकारणारा मात्र स्वतःच्या नशेचा परिणाम कमी करून सांगतो, कारण आपण शुद्धीत नव्हतो असे म्हटले तर काहीतरी गैर घडल्याचे कबूल केल्यासारखे होते. तो पीडितेच्या पिण्याबद्दल बोलतो. दारू तीच असते; एकाच्या कथनात ती त्याची सुटका करते, दुसऱ्याच्या कथनात तिच्यावर आरोप होते. दारू हे बलात्काराचे कारण आहे, असे सरसकट विधान करणाऱ्यांनी हा फरक लक्षात घेतला, तर कारण आणि सबब यांची गल्लत बरीच कमी होईल.

पुस्तकाचा दुसरा मोठा प्रश्न अधिक अस्वस्थ करणारा आहे: या पुरुषांना या कृत्यातून मिळाले काय? रुग्ण आणि आजार यांच्या परिभाषेत हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मानसतज्ज्ञ निकोलस ग्रोथ यांनी १९७९ मधील आपल्या ग्रंथात राग, सत्ता आणि परपीडन असे तीन प्रकार पाडले होते. ते उपयुक्त होते. मात्र त्यांत गुन्हेगार हा मूलतः आतून बिघडलेला माणूस म्हणूनच समोर येतो. स्कली यांना भेटलेल्यांपैकी बहुतेकांचे संमतीचे लैंगिक संबंध होते आणि त्यांचे आयुष्य तुलनेसाठी घेतलेल्या इतर कैद्यांपेक्षा ठळकपणे वेगळे नव्हते. त्यांच्या बोलण्यातून पुढे आलेले हेतू निराळेच होते: सूड आणि शिक्षा, घरफोडी किंवा लुटीच्या वेळी हाती लागलेली आणखी एक गोष्ट, नकार देणाऱ्या स्त्रीवर मिळवलेला ताबा, नात्याच्या कोणत्याही जबाबदारीशिवायचा संबंध, मित्रांच्या टोळीतील साहस.

सुडाचा तपशील जवळून पाहण्यासारखा आहे, कारण तो सूड ज्या व्यक्तीवर राग आहे तिच्यावर उगवला जातोच असे नाही. एक तरुण एका माणसाकडे अडकलेले पैसे मागायला त्याच्या घरी जातो. पैशावरून त्या माणसाच्या पत्नीशी त्याचा वाद होतो, तो तिला मारहाण करतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. आपण काय करत आहोत हे आपल्याला कळत होते आणि आपण रागात होतो, असे तोच सांगतो. दुसरा कोणी स्वतःच्या पत्नीवरचा संताप अनोळखी स्त्रीवर काढतो. एकीच्या अपराधाची, मग तो खरा असो वा मानलेला, भरपाई दुसऱ्या कोणत्याही स्त्रीकडून करून घेता येते, या समजुतीला स्कली सामूहिक उत्तरदायित्वाची संकल्पना लावतात. स्त्री ही स्वतंत्र व्यक्ती न राहता आपल्या वर्गाची किंवा एखाद्या पुरुषाच्या मालमत्तेची प्रतिनिधी ठरते, तेव्हाच हा हिशेब जुळतो, आणि तो जुळवायला मनोविकार लागत नाही. पीडितेच्या भावनांविषयीचे प्रश्नही असेच डोळे उघडणारे आहेत. गुन्हा नाकारणाऱ्यांना तिची भीती दिसलीच नव्हती. कबूल करणाऱ्यांपैकी अनेकांना ती दिसली होती, पण त्यामुळे ते थांबले नाहीत. नंतर अपराधी वाटल्याचे सांगणारे फार थोडे होते. पीडितेच्या वेदनेची जाणीव करून दिली की गुन्हेगार बदलेल, अशा गृहीतकावर उभ्या असलेल्या सुधारणा कार्यक्रमांना या प्रकरणाने गंभीर प्रश्न विचारला आहे.

आता मर्यादांकडे वळू. सर्वांत मोठी मर्यादा पुस्तकाच्या शीर्षकातच आहे: हे सारे शिक्षा झालेले पुरुष आहेत. बहुतांश प्रकरणे पोलिसांपर्यंत पोहोचत नाहीत, पोहोचली तरी न्यायालयात टिकत नाहीत. म्हणजे तुरुंगात असलेले पुरुष ही अनेक चाळण्यांतून खाली उरलेली माणसे असतात. अनोळखी व्यक्तीने, शस्त्राच्या धाकाने केलेला गुन्हा शिक्षेपर्यंत जाण्याची शक्यता अधिक असते, आणि ओळखीच्याने, नात्यातल्याने, पतीने केलेला गुन्हा बहुधा मागेच राहतो. मेरी कॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अमेरिकेतील ३२ शिक्षणसंस्थांमधील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीने हे आधीच दाखवून दिले होते. त्यांनी बलात्कार हा शब्द न वापरता घडलेल्या कृतींविषयी थेट विचारले, तेव्हा वयाच्या १४ व्या वर्षानंतर बलात्काराचा किंवा तशा प्रयत्नाचा अनुभव आल्याचे २७.५ टक्के विद्यार्थिनींनी सांगितले. कायद्याच्या व्याख्येत बसणारी कृत्ये केल्याचे सांगणारे पुरुषही त्याच वर्गांमध्ये बसलेले होते आणि त्यांच्यापैकी कोणीही स्कली यांच्या नमुन्यात येणे शक्य नव्हते.

दुसरी चाळणी वंशाची आहे. मुलाखत दिलेल्यांत कृष्णवर्णीय पुरुष निम्म्याहून अधिक होते. त्या देशात कृष्णवर्णीय पुरुषावर बलात्काराचा आरोप ठेवणे हे दडपशाहीचे हत्यार कसे होते, हे अँजेला डेव्हिस यांनी १९८१ मध्ये सविस्तर मांडले होते आणि ब्राउनमिलर यांच्यासह अनेक लेखिकांवर त्याकडे कानाडोळा केल्याचा ठपका ठेवला होता. ज्या तुरुंगव्यवस्थेने हा नमुना पुरवला, ती स्वतः किती निष्पक्ष होती, याची चर्चा माझ्या मते पुस्तकात पुरेशी झालेली नाही. शिवाय हा अभ्यास प्रौढ स्त्रियांवरील अत्याचारांपुरता आहे. मुले आणि पुरुष हेही बळी ठरतात, आणि त्यांच्याविषयीची कारणमीमांसा इथे शोधू नये.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र सिद्धान्ताचा आहे. लैंगिक हिंसा शिकली जाते आणि तिचे समर्थन संस्कृतीच पुरवते, हे मान्य केले, तर त्याच संस्कृतीत वाढलेले बहुसंख्य पुरुष ती का करत नाहीत? स्कली यांच्याकडे याचे पूर्ण उत्तर नाही. थॉर्नहिल आणि पामर या अभ्यासकांनी २००० साली उत्क्रांतीच्या आधारे दुसऱ्या टोकाचे उत्तर देऊ केले: बलात्काराची मुळे पुरुषाच्या उत्क्रांत झालेल्या पुनरुत्पादनाच्या प्रेरणांत आहेत. पण पुनरुत्पादनाशी संबंधच नसलेल्या वयातील बळींचे आणि समाजासमाजांतील मोठ्या तफावतीचे समाधानकारक स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही. त्यामुळे ते उत्तर मला अधिकच अपुरे वाटते.

या तफावतीवर नंतर जे काम झाले, ते स्कली यांच्या पुस्तकाला जोडूनच वाचायला हवे. रेचेल ज्यूक्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आशिया-पॅसिफिकमधील सहा देशांच्या दहा हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. यातील पुरुष तुरुंगातले नव्हते, सर्वसामान्य लोकवस्तीतून निवडलेले होते, आणि सर्वांत नाजूक प्रश्नांची उत्तरे ते कोणासमोर न बोलता यंत्रावर स्वतःच नोंदवत होते. जोडीदार नसलेल्या स्त्रीवर एकट्याने बलात्कार केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ग्रामीण बांगलादेशात २.५ टक्के होते, तर पापुआ न्यू गिनीतील बोगनव्हिल भागात ते २६.६ टक्के होते. सर्वाधिक सांगितले गेलेले कारण एकच होते: संमती असो वा नसो, आपला तो हक्कच आहे ही भावना. दारूचे कारण त्याच्या पुष्कळ मागे होते. निम्म्याहून अधिक जणांनी हे कृत्य पहिल्यांदा किशोरवयातच केले होते. व्हर्जिनियाच्या तुरुंगात नोंदवलेला हक्काचा सूर इतक्या दूरच्या आणि निराळ्या समाजांमध्ये पुन्हा ऐकू यावा, ही स्कली यांच्या निष्कर्षांना मिळालेली फार मोठी पुष्टी आहे.

युद्धांविषयी एलिझाबेथ वुड यांनी दाखवून दिले, की काही सशस्त्र गटांमध्ये बलात्कार सर्रास होतात, तर काहींमध्ये अगदी क्वचित होतात, आणि नेतृत्वाचा धाक तसेच गटातली शिस्त यांवर ते बरेच अवलंबून असते. डारा के कोहेन यांनी २०१६ च्या ग्रंथात त्याला आणखी एक जोड दिली: ज्या गटांनी आपले सैनिक पळवून किंवा जबरदस्तीने भरती केले, त्या गटांत सामूहिक बलात्काराचे प्रमाण अधिक आढळते, कारण एकमेकांना न ओळखणारी, एकमेकांवर विश्वास नसलेली माणसे या कृत्यातून बांधली जातात. स्कली यांच्या पुस्तकातील टोळीने केलेल्या अत्याचारांविषयीचा भाग यानंतर पुन्हा वाचला, तर मित्रांसमोर मागे न हटण्याचा तिथला आग्रह नव्याने समजतो.

पुस्तकाची भाषा संयत आहे आणि समाजशास्त्राची पूर्वतयारी नसलेल्या वाचकालाही ती अडत नाही. कैद्यांची विधाने मात्र सौम्य केलेली नाहीत, आणि ज्या वाचकांनी स्वतः असा अत्याचार सोसला आहे त्यांना ही पाने वाचणे फार जड जाऊ शकते. त्यांच्यासाठी ज्युडिथ हर्मन यांचा आघात आणि त्यातून सावरणे या विषयावरचा १९९२ चा ग्रंथ अधिक योग्य ठरेल, कारण त्यात केंद्रस्थानी पीडित व्यक्ती आहे. पोलीस, वकील, न्यायाधीश, समुपदेशक आणि किशोरवयीन मुलांसोबत काम करणारे शिक्षक यांनी मात्र स्कली यांचे पुस्तक अवश्य वाचावे, आणि घाई असेल त्यांनी निदान कबूल करणारे आणि नाकारणारे यांच्या तुलनेची प्रकरणे तरी प्रथम काढावीत.