बीएस्सीसाठी सांगली, सातारा की पुणे: नंबर सोडून काय काय बघायचं

माझी भाची तासगावची, बारावी सायन्स झाली, केमिस्ट्रीत बीएस्सी करायची हे तिचं पक्कं आहे. समोर तीन पर्याय. सांगलीचं विलिंग्डन, साताऱ्याचं यशवंतराव चव्हाण सायन्स आणि पुण्याचं फर्ग्युसन. घरात सगळे एकच विचारतायत, केमिस्ट्री डिपार्टमेंट कुणाचं एक नंबर? मला वाटतं हा प्रश्नच चुकतोय.

एक तर एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची कॉलेज-विद्यापीठांची क्रमवारी, कॉलेज गटात अख्ख्या कॉलेजला नंबर देतं, त्यातल्या केमिस्ट्रीला वेगळा नाही. त्या नंबरात शिकवणं, रिसर्च, निकाल, बाहेरच्या लोकांचं मत असं सगळं एकत्र आलेलं असतं, आणि तिथल्या सरांचे किती पेपर छापून आले याचा एफवायच्या पोरीला पहिल्या वर्षी काडीचा उपयोग नसतो. तिला कोण शिकवणार आणि ब्युरेट (थेंब थेंब द्रावण सोडायची, खुणा असलेली काचेची नळी) तिच्या हातात येणार का, एवढंच बघायचं.

हे मी अनुभवानं सांगतोय. माझं कॉलेज नावाजलेलं होतं, पण प्रॅक्टिकलला एका सेटवर आम्ही सहा जण. एकजण ब्युरेटचा कॉक फिरवायचा, एकजण फ्लास्क हलवायचा, बाकी चौघं रीडिंग उतरवून घ्यायचे. टायट्रेशनमध्ये फिनॉल्फ्थॅलिन या इंडिकेटरचा तो फिकट गुलाबी रंग नेमका कुठल्या थेंबाला येतो हे मी स्वतः पहिल्यांदा केलं ते थेट एसवायला, तोवर जर्नल मात्र पूर्ण, सह्यांसकट. माझा मित्र तालुक्याच्या साध्या कॉलेजात होता, तिथं दोघांत एक सेट आणि सर पाच वाजल्यानंतरही थांबायचे. एमएस्सीला आम्ही एकत्र आलो तेव्हा फरक लगेच कळला, त्याचा हात बसलेला होता आणि माझा थरथरायचा.

आता तिन्हीकडचं बघू. विलिंग्डन आणि फर्ग्युसन दोन्ही डेक्कन एज्युकेशन सोसायटीचीच, फर्ग्युसन 1885 चं आणि विलिंग्डन 1919 चं, म्हणजे नाव आणि परंपरा म्हणून बघितलं तर सांगलीत राहणं हा काही कमीपणा नाही. डिग्री शिवाजी विद्यापीठाची. तासगावहून सांगली पंचवीसेक किलोमीटर, एसटीचा पास काढला की घरचं जेवण, घरचा खर्च. पण रोजचे येण्याजाण्याचे दोन-अडीच तास जातात, आणि प्रॅक्टिकल उशिरा सुटलं की शेवटची सोयीची गाडी चुकते, मग पोरगी प्रॅक्टिकल अर्धवट टाकून पळते. घरच्यांनी याचा खरंच विचार करावा, हवं तर विश्रामबागेत खोली बघावी.

साताऱ्याचं प्रकरण वेगळं आहे. हे रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज, आणि 2021 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, धनंजयराव गाडगीळ कॉमर्स आणि हे अशी तिघं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं, त्यामुळं डिग्रीही त्याच विद्यापीठाची. होस्टेल आलंच, पण साताऱ्यात राहण्याचा खर्च पुण्याएवढा नाही, आणि कमवा आणि शिका, म्हणजे काम करून शिक्षणाचा खर्च भागवायचा, ही रयतची जुनी ओळख. ज्या घरात द्राक्षाचं वर्ष वाया गेलंय त्यांनी ही चौकशी आधी करावी, लाजू नये.

फर्ग्युसन ऑटोनॉमस आहे, म्हणजे सिलॅबस आणि पेपर त्यांचे ते काढतात. पुण्याचा मोठा फायदा कॉलेजच्या बाहेर आहे, एनसीएल आणि आयसरसारख्या मोठ्या संशोधन संस्था, तिथली लेक्चरं, जॅमची (आयआयटीत एमएस्सीला जायच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करणारी पोरं आजूबाजूला. मराठी मिडीयमच्या पोरीला सुरवातीचे चार महिने जड जातात, नंतर ती बोलायला लागते. होस्टेल मिळालं नाही तर कॉट बेसिसवर राहणं आणि मेस, हा आकडा फीपेक्षा मोठा निघतो, म्हणून ॲडमिशनआधी होस्टेलचं विचारा, नंतर नको.

तिन्हीकडं जाऊन विचारायच्या गोष्टी मात्र सारख्याच. प्रॅक्टिकलची बॅच किती जणांची? केमिस्ट्रीचे किती सर-मॅडम कायम आणि किती सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर? (सीएचबीवाले वाईट शिकवतात असं अजिबात नाही, पण बिचारे तासावर पैसे घेऊन दुसऱ्या कॉलेजला पळत असतात, शंका विचारायला सापडत नाहीत.) नवीन शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष ऑनर्सचं करता येतं, तर ते चौथं वर्ष त्या कॉलेजात केमिस्ट्रीला आहे का? मायनर विषय कागदावर दहा असतात, खरंच शिकवतात किती?

हे फोनवर विचारू नका, ऑफिसात गोड उत्तरं मिळतात. चालू टर्ममध्ये दुपारी दोनला लॅबच्या दारात जाऊन उभं राहा, लॅबच्या मामांशी बोला, आणि एसवायच्या एखाद्या पोरीचं जर्नल मागून बघा. रीडिंग सगळ्यांची सारखीच दिसली तर समजून जा, एकानं केलं आणि बाकीच्यांनी उतरवलं.

आम्ही दोघं येत्या मंगळवारी साताऱ्याला चाललोय, सकाळच्या गाडीनं. विलिंग्डन गुरुवारी.