अलिबागजवळच्या वाडीतील मुक्काम: पोपटी उत्तम, शांतता अर्धवट

2020 साली भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईकरांना गाडीसह तासाभरात अलिबाग तालुक्यात उतरता येते, आणि त्यामुळे नागाव-आक्षी पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्यांना गाव म्हणावे की उपनगर, असा प्रश्न आता पडतो. आम्ही उतरलो ते घरगुती निवास अशाच एका वाडीत आहे. खोल्या साध्या व स्वच्छ आहेत. त्यांविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

लिहावे ते पोपटीविषयी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांच्या बेताविषयी. यजमानांनी मडक्याच्या तळाशी भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला दाबून बसवला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा आणि जाडे मीठ असे थर लावले, पाल्यानेच तोंड बंद करून मडके उपडे ठेवले आणि भोवती पेंढा पेटवला. पाण्याचा थेंबही न घालता शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात व पाल्याचा उग्र वास त्यांना लागतो. हा बेत हिवाळ्यातलाच. मे महिन्यात जाणाऱ्यांनी त्याची अपेक्षा धरू नये. (दुपारच्या जेवणातली पनीरची भाजी मात्र कोणाच्या हट्टापायी आली, हे कळले नाही.)

तक्रार एकच, पण मोठी आहे. शेजारच्या बंगल्यात शनिवारी रात्री उशिरापर्यंत ध्वनिवर्धक सुरू होता आणि यजमानांनी ‘शनिवार-रविवार असं चालायचंच’ म्हणून हात झटकले. आकारलेला दर पाहता हे आरक्षणाच्या वेळीच सांगायला हवे होते. जायचे असल्यास फेब्रुवारीत, आडवारी जावे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळा तेव्हा रस्त्याकडेला दिसू लागतात आणि पोपटीचा हंगामही अगदीच सरलेला नसतो.