ताण आणि चेतासंस्था: चार रविवारांच्या वर्गाचा अनुभव

छातीत धडधडते म्हणून माझा ईसीजी दोनदा काढून झाला, दोन्ही वेळा तो व्यवस्थित आला आणि डॉक्टरांनी ताण कमी करा एवढेच सांगितले. तो कमी करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे कळावे म्हणून पुण्यात ताण, सुरक्षितता आणि चेतासंस्था या विषयावर चार रविवार सकाळी चालणाऱ्या एका वर्गात मी साडेचार हजार रुपये भरून नाव नोंदवले. आम्ही सोळा जण होतो.

पहिला रविवार उत्तम गेला. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्याकडे न वळता प्रत्येकाला स्वतःच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, तीन बोटे ठेवून सावकाश श्वास घ्यायला सांगितले. श्वास आत घेताना नाडीचे ठोके जवळजवळ येतात आणि सोडताना ते लांबतात, हे बोटांना स्पष्ट जाणवत होते. माझ्या शेजारचे गृहस्थ तर आपल्या हृदयात दोष आहे असे समजून घाबरलेच; बाईंनी मात्र हे निरोगीपणाचेच लक्षण असल्याचे समजावले. हृदयाला त्याच्या स्वतःच्या लयीवर सोडले तर ते मिनिटाला सुमारे १०० ठोके देईल, पण मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्यांपैकी दहावी, म्हणजे व्हेगस, त्याला विश्रांतीच्या वेळी सतत लगाम घालत असते आणि श्वास आत घेताना तो लगाम किंचित सैलावतो. धोका दिसताच आधी हा लगाम सुटतो, मग काही सेकंदांत शरीराला लढण्या-पळण्यासाठी सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था आणि अ‍ॅड्रेनलिन कामाला लागतात, आणि कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी तर प्रसंग घडून गेल्यावर वीस-तीस मिनिटांनी शिखर गाठते. चौकात सिग्नल तोडून आलेली रिक्षा स्कूटरला घासता घासता राहिली, तर कचेरीत पोहोचून चहा घेतानाही आपण अस्वस्थ का असतो, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. निम्मे शुल्क तिथेच वसूल झाले असे मी मानतो.

दुसऱ्या रविवारी गाडी घसरली. अमेरिकी संशोधक स्टीफन पोर्जेस यांनी १९९४ मध्ये मांडलेला पॉलिव्हेगल सिद्धांत बाईंनी निर्विवाद सत्य असल्यासारखा शिकवला. सुरक्षित वाटणे, लढणे किंवा पळणे आणि थिजून जाणे अशी शरीराची तीन पायऱ्यांची शिडी त्यात आहे. समुपदेशकांमध्ये हा सिद्धांत फार लोकप्रिय आहे, आणि साहेबांनी आवाज चढवला की तोंडातून शब्दच फुटत नाही, अशा अनुभवाला त्यातून नाव मिळते, हेही खरे. परंतु त्यातील उत्क्रांतीविषयक दाव्यांना शरीरक्रियाशास्त्रज्ञांचा गंभीर आक्षेप आहे. हृदय आणि श्वास यांची जी जोडणी या सिद्धांतात सस्तन प्राण्यांची खासियत ठरते, तिच्यासारखी व्यवस्था फुप्फुसमाशांमध्येही आढळली आहे. मी याबद्दल विचारले तेव्हा "शरीराला सगळे माहीत असते" असे उत्तर मिळाले. शरीराला फुप्फुसमाशांविषयी काय माहीत असणार, असे माझ्या ओठांवर आले होते, पण मी गप्प बसलो.

तिसऱ्या रविवारचा मिनिटाला सुमारे सहा श्वासांचा सराव आणि भ्रामरी चांगली झाली. माळेचा जप किंवा मंत्रपठण करताना श्वास आपोआप याच गतीला येतो, हे इटलीतील संशोधकांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवले आहे. आजीची संध्याकाळची रामरक्षा मला तेव्हा वेगळ्याच अर्थाने आठवली.

माझी खरी तक्रार खोलीविषयी आहे. आमच्या सर्वांच्या खुर्च्या दाराकडे पाठ करून मांडलेल्या होत्या, दाराला लोखंडी कडी होती आणि उशिरा येणारा प्रत्येक जण ती दाणकन लावत असे. मेंदू आपल्या नकळत परिसरातील आवाज, चेहरे आणि हालचाली चाचपत असतो, हे वाक्य फळ्यावर लिहिले जात असतानाच कडी वाजली आणि सोळा जणांचे खांदे एकदम वर गेले. बाईंचे त्याकडे लक्षच गेले नाही. तिसऱ्या रविवारी मी आणि आणखी एकाने खुर्च्या फिरवून भिंतीला टेकवल्या, तेव्हा श्वास सावकाश करण्यासाठी मुळीच खटपट करावी लागली नाही.

चौथ्या रविवारचा शेवटचा तास कानाला लावायचे एक विजेचे उपकरण विकण्यात गेला. व्हेगसला विद्युतस्पंद देण्याच्या उपचाराला अमेरिकेत अपस्मारासाठी १९९७ मध्ये मान्यता मिळाली, हे बाईंनी सांगितले ते बरोबर. पण ते यंत्र शस्त्रक्रिया करून छातीत बसवतात आणि त्याची तार मानेतील व्हेगसला जोडतात, हा तपशील त्यांनी गाळला. मी ते उपकरण घेतले नाही.

नोंदणी करताना कोणालाही जुन्या आघाताविषयी किंवा चालू औषधांविषयी विचारले गेले नव्हते. ज्यांना असा इतिहास आहे, त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ज्यांना माझ्यासारखी निव्वळ धडधड समजून घ्यायची आहे, त्यांनी पहिल्या आणि तिसऱ्या रविवारसाठी जरूर जावे. फक्त थोडे लवकर पोहोचून भिंतीलगतची खुर्ची धरावी.