तोंबोलाची पेटी: मुलांचं इटालियन बोलतं ठेवायला कितपत कामाची?

घरात दोन भाषा असल्या की मुलांची एक सवय ठरलेली. आई इटालियनमध्ये विचारते, मूल दुसऱ्या भाषेत उत्तर देतं. समजतं सगळं, तोंडातून मात्र येत नाही. त्यावर तोंबोलाचा, म्हणजे पुकारलेले आकडे कार्डावर शोधायच्या इटालियन खेळाचा, उपयोग असा, की या खेळात ऐकल्याशिवाय आणि ओरडल्याशिवाय जिंकताच येत नाही. मात्र बाजारात मिळणारी प्रत्येक पेटी या कामाची नाही.

तांबोला किंवा हाउजी खेळलेल्यांना कार्ड ओळखीचं वाटेल: तीन ओळी, नऊ रकाने, प्रत्येक ओळीत पाच असे 15 आकडे. पहिल्या रकान्यात 1 ते 9, दुसऱ्यात 10 ते 19, शेवटच्यात 80 ते 90. बक्षिसं मात्र वेगळी. एका ओळीत दोन आकडे लागले की आंबो, मग तीनला तेर्नो, चारला क्वातेर्ना, पाचला चिंक्विना आणि पूर्ण कार्ड भरलं की तोंबोला. पेटीत 90 सोंगट्या, त्या हलवायला थैली किंवा पानारिएल्लो नावाची छोटी टोपली, बरीच कार्डं आणि 90 घरांचा मोठा फलक असतो. फलकाला कार्तेल्लोने म्हणतात. खेळ नेपल्सचा. राजा कार्लो आणि पाद्री ग्रेगोरिओ मारिया रोक्को यांच्यात 1734 मध्ये लॉटरीवरून वाद झाला, नाताळच्या आठवड्यात लॉटरी बंद ठेवायचं ठरलं आणि लोकांनी ती घरातच सुरू केली, अशी कथा सांगतात. इटलीत आजही पेटी बाहेर निघते ती नाताळातच. भाषेसाठी घेणाऱ्याने ती वर्षभर हाताशी ठेवावी.

आता खरी परीक्षा आकड्यांची. उन्दिची ते सेदिची, म्हणजे 11 ते 16, एकक आधी येतो, अगदी मराठीसारखा. 17 ला गाडी रूळ बदलते: दिचास्सेत्ते, दिचोत्तो, दिचान्नोवे. वीसच्या पुढे तर दशक नेहमीच आधी. मराठी ‘सत्तेचाळीस’ सातापासून सुरू होतं, ‘क्वारान्तासेत्ते’ चाळीसपासून. त्यामुळे घरी मराठी बोलणारं मूल 47 ऐकून 74 वर खुणेचा दाणा ठेवतं, तेव्हा ते गणितात कच्चं आहे असं समजू नये. ‘एकोणपन्नास’सारखी उलटी वजाबाकी इटालियनमध्ये नाही, हा मोठा दिलासा. ऊनो (एक) आणि ओत्तो (आठ) जोडताना आधीचा स्वर गळतो: वेंतूनो (21), त्रेंतोत्तो (38). मराठी व्याकरणात याला स्वरलोप म्हणू.

सगळ्यात जास्त भांडणं 60 आणि 70 वरून होतात. सेस्सांता आणि सेत्तांता यांत फरक एका जोडव्यंजनाचा, आणि 67, 76, 77 पाठोपाठ निघाले की मोठेही चुकतात. सोंगटी काढणाऱ्याने ते जोडव्यंजन ठासून उच्चारावं. सेत्ते म्हणजे सात, सेते म्हणजे तहान; हा भेद कानाला इथेच कळतो.

म्हणून पेटी निवडताना पहिली अट: आकडा माणसानेच पुकारायचा. बॅटरीवर चालणारी, स्वतः आकडा बोलणारी यंत्रं या कामासाठी निरुपयोगी आहेत, कारण पुकारणं हाच तर धडा. कार्तेल्लोने मुलाच्या हाती द्यावा. मग ‘के नूमेरो आइ देत्तो?’ (कोणता आकडा म्हणालास?), ‘आस्पेत्ता!’ (थांब!), ‘चे लो!’ (आहे माझ्याकडे!) ही वाक्यं मागणीप्रमाणे निघतात. ‘मि मांका इल वेंती’ तर मराठी मुलाला सोपंच, ‘मला वीस हवाय’मधल्या ‘मला’च्या जागी ‘मि’.

दुसरी अट छपाईची. सोंगटी उलटी धरली की 6 चा 9 होतो, 18 चा 81, 19 चा 61 आणि 68 चा 89. आकड्याखाली रेघ नसेल तर घरीच पेनाने मारून घ्या. कार्डं खिडक्यांची असतील तर झडप सरकवून आकडा झाकता येतो, कार्ड हललं तरी डाव मोडत नाही. लहानांसाठी हीच घ्यावीत. फक्त स्वस्त कार्डांच्या झडपा घट्ट असतात, चार वर्षांच्या बोटांना सरकत नाहीत. साध्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर राजम्याचे दाणे किंवा संत्र्याच्या सालीचे तुकडे ठेवायची जुनी पद्धत आहे. मसूर घरंगळतो.

नेपल्सच्या चित्रांच्या पेट्या, म्हणजे प्रत्येक आकड्याला एक चित्र आणि नाव असलेल्या, दिसायला सर्वांत गोड, पण सांभाळून. त्यांवरचे शब्द नेपोलितान बोलीतले असतात: 10 ला ‘फासूले’, प्रमाण इटालियनमध्ये फाजोली (राजमा), 15 ला ‘ग्वाल्योने’, म्हणजे रागात्सो (मुलगा). शिवाय 16, 21 आणि 71 ची पारंपरिक नावं मुलांसमोर वाचण्यासारखी नाहीत. 90 म्हणजे भीती, हे मात्र मुलांना फार आवडतं.

पूर्ण डाव लहानांना झेपत नाही. चौघांनी तीन-तीन कार्डं घेतली तर तोंबोला लागेपर्यंत 75 च्या आसपास सोंगट्या निघतात. सुरुवातीला 1 ते 29 च्याच सोंगट्या ठेवा, कार्डाचे पहिले तीन रकाने उघडे ठेवून बाकीचे कागदाने झाका. एका कार्डावर साधारण पाच आकडे उरतात, तेवढे भरले की डाव संपला. ते पक्कं झालं की दर वेळी एक रकाना उघडा; पूर्ण 90 वर आल्यावरही चिंक्विनाला थांबलं तरी चालतं.

डाव संपल्यावर सोंगट्या थेट थैलीत ओतू नका. एकेक आकडा म्हणत कार्तेल्लोनेवर लावायला सांगा. उजळणी होते, आणि हरवलेल्या सोंगटीचं घर रिकामं दिसतं. ती बहुधा सोफ्याखाली असते.